वेगळ्या वहीतले खलाशी

१९४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन जहाजे पोटात चांदी घेऊन मुंबई बंदरातून बाहेर पडली आणि दोन्ही मुक्कामाला पोचली नाहीत. एलरमन कंपनीचे ‘सिटी ऑफ कैरो’ सुमारे शंभर टन चांदीची नाणी घेऊन दरबान-केपटाउनमार्गे इंग्लंडला निघाले होते. ६ नोव्हेंबरच्या रात्री सेंट हेलेना बेटाच्या दक्षिणेला यू-६८ या जर्मन पाणबुडीने ते बुडवले. जहाजावर तीनशेच्या वर माणसे होती, त्यातली १०४ गेली. काही बुडताना गेली, बरीचशी नंतर उघड्या होड्यांत, तहानेने. एक होडी ५१ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ सापडली, तेव्हा तिच्यात दोघेच जिवंत होते. दुसरे जहाज ब्रिटिश इंडिया कंपनीचे ‘तिलावा’. ते २० नोव्हेंबरला पूर्व आफ्रिकेकडे निघाले आणि तिसऱ्याच दिवशी जपानी पाणबुडीने हिंदी महासागरात त्याचा घास घेतला. ९५८ माणसांपैकी २८० गेली. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ‘सिटी ऑफ कैरो’वरची चांदी २०१३ मध्ये पाच किलोमीटरहून जास्त खोलीवरून उपसून काढण्यात आली. ‘तिलावा’वरच्या २,३६४ लगडी २०१७ मध्ये वर आल्या आणि त्या कोणाच्या, हा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. पाऊणशे वर्षे समुद्रतळाशी पडलेल्या लगडींची संख्या एकाने चुकली नव्हती, कारण ती कागदावर होती, आणि तो कागद जपून ठेवावा असे कोणाला तरी वाटत होते.

त्याच जहाजांच्या भट्टीपाशी, डेकवर आणि भटारखान्यात काम करणाऱ्या भारतीय खलाशांबद्दल आपण काय जाणतो? युद्धात बुडालेल्या खलाशाबद्दल बोलताना आपला सूर आपोआप हळवा होतो: दर्याने नेला, थडगे नाही, नावनिशाणी नाही. हा हळवेपणा मला फसवा वाटतो. समुद्राने माणूस नेला हे खरे, पण नाव समुद्राने नेलेले नाही. नाव कागदावर होते, आजही आहे. ते एका वेगळ्या वहीत लिहिले गेले, आणि ती वही युद्धाच्या कितीतरी आधी, खलाशाची भरती करतानाच, वेगळी काढून ठेवलेली होती. हा खलाशी विस्मरणात गेला याचे मूळ त्याच्या मरणात शोधू नये, नोकरीच्या करारात शोधावे. आणि त्या करारावर आपल्या बाजूचीही एक मूक सही आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या माणसांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतीय होता, म्हणजे चाळीस-पन्नास हजार माणसे. कलकत्त्याहून भरती होणाऱ्यांत सिल्हेट आणि चितगावकडचे लोक जास्त. मुंबईहून डेकवरच्या कामाला रत्नागिरी जिल्ह्याच्या खाडीपट्ट्यातले कोकणी मुसलमान, गुजरात-दीवकडचे खारवे, भट्टीवर पंजाबी आणि पठाण, आणि सलूनमध्ये, म्हणजे वाढपी, स्वयंपाकी, बटलर म्हणून, गोव्याचे ख्रिस्ती तारवटी. बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर या खाड्यांच्या काठची कितीतरी घरे मनिऑर्डरवर चालत. गोव्याचा माणूस दोन बोटींच्या मधला काळ धोबीतलाव किंवा माझगावच्या आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, काढी. तिथे पेटी ठेवायला कोपरा आणि रोजच्या प्रार्थनेला वेदी असे. जहाजावरची उतरंड ठरलेली होती. वर सारंग, त्याखाली टंडेल, मग कसब, सुकाणी, खलाशी. भट्टीपाशी आगवाला आणि कोळसेवाला, स्वयंपाकाला भंडारी आणि सर्वांत तळाला साफसफाई करणारा टोपास. साहेबाचा संबंध सारंगाशी येई. बाकीची माणसे सारंगाची, बहुधा त्याच्याच गावची किंवा नात्यातली. जागा मिळवून देणाऱ्या दलालाचे हात ओले केल्याशिवाय बोट मिळत नसे. १९३१ च्या व्हिटली आयोगाने या लाचखोरीवर बोट ठेवले होते, तरी ती चालूच राहिली.

म्हणजे कंपनीच्या दृष्टीने ही माणसे सुटी नव्हतीच, तो एक जथा होता. त्यांचा करारही निराळा, ‘एशियाटिक आर्टिकल्स’ नावाचा. या कराराचा कागद जरा जवळून पाहावा. एका लांब तक्त्यावर ओळीने माणसे लावलेली: नाव, बापाचे नाव, वय, गाव, हुद्दा, दरमहा पगार, आगाऊ दिलेली रक्कम, आणि बहुतेकांच्या नावापुढे सहीऐवजी अंगठा. त्याच जहाजाच्या ब्रिटिश खलाशांचा करार वेगळ्या कागदावर. पगाराचा रकाना दोन्हीकडे होता, पण आकड्यात फरक असा की भारतीय खलाशाला त्याच कामाचे ब्रिटिश खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके मिळत. झोपायच्या जागेचेही तेच. १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने खलाशाला ७२ घनफूट जागा ठरवली होती आणि भारतीय खलाशाला ३६. १९०६ मध्ये इतरांची १२० झाली, भारतीयांची होती तिथेच राहिली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात या लोकांना नेऊ नये अशीही एक मर्यादा करारात असे. ती दयेपोटी होती की ब्रिटिश खलाशांच्या संघटनांचा रोजगार राखण्यासाठी, यावर वाद घालता येईल. युद्ध आले तसा तो वाद संपला, कारण माणसे कमी पडू लागली आणि जिथे न्यायचे नव्हते तिथेच नेणे भाग पडले.

या जथ्यातल्या माणसांना आपण कशात उतरत आहोत हे कळत नव्हते, असे समजायचे कारण नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले आणि लगोलग ब्रिटनच्या, दक्षिण आफ्रिकेच्या, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत भारतीय खलाशांनी काम थांबवले. मागणी साधी होती: धोका वाढला, पगार दुप्पट करा. ब्रिटिश खलाशांना युद्धभत्ता मिळाला होता, यांना नाही. लंडनमध्ये सुरत अली आणि कलकत्त्यात आफताब अली ही मंडळी या लढ्याच्या पुढे होती. शेकडो खलाशांना हुकूम मोडल्याबद्दल तुरुंगात टाकण्यात आले. पण कामावाचून जहाजे बंदरात अडकली होती, त्यामुळे काही महिन्यांत पगारवाढ पदरात पडली. ही वाढ ब्रिटिश पगाराच्या जवळपासही नव्हती, तरी या संपाचे मोल वेगळे आहे. ‘निष्ठावान लास्कर’ (साहेब भारतीय खलाशाला लास्कर म्हणे) हे सरकारी प्रचारातले चित्र त्याने खोटे ठरवले, आणि ‘बिचारा, अजाण कोकणी’ हे आपले चित्रही.

युद्ध संपेपर्यंत साधारण ६,६०० भारतीय व्यापारी खलाशी मेले, बाराशेच्या वर शत्रूच्या कैदेत गेले. टॉर्पेडो बहुधा जहाजाच्या मधल्या भागावर, इंजिनखोलीवर नेम धरून मारला जाई. भट्टीपाशी पाळीवर असलेल्या माणसाला वर यायला वेळच मिळत नसे. आता ‘सिटी ऑफ कैरो’सारख्या कुठल्याही जहाजाचे मृत घ्या. त्यातल्या ब्रिटिशांची नावे लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर ब्राँझच्या पत्र्यांवर, जहाजाच्या नावाखाली कोरलेली आहेत. ल्युटेन्सने आखलेल्या पहिल्या महायुद्धाच्या भागाला एडवर्ड मॉफने दुसऱ्या महायुद्धाचा भाग जोडला, आणि दोन्ही मिळून तिथे सुमारे ३६,००० नावे आहेत. त्याच जहाजाचे, त्याच रात्री, त्याच स्फोटात गेलेले भारतीय तिथे नाहीत. त्यांची नावे एका सन्मानपुस्तकात आहेत आणि त्याच्या दोन सारख्या प्रती आहेत. एक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये, दुसरी चितगावला. त्या नोंदींत माणसाच्या नावापुढे जहाजाचे नाव, कंसात ‘लिव्हरपूल’ किंवा ‘ग्लासगो’ असे नोंदणीचे बंदर, आणि सेवेच्या जागी लिहिलेले असते: ‘भारतीय व्यापारी नौदल’. अशा नावाच्या कुठल्या संस्थेने या माणसांना नोकरीवर ठेवले नव्हते. पगार लिव्हरपूल-ग्लासगोच्या कंपनीचा, झेंडा ब्रिटिश, कप्तान ब्रिटिश, माल ब्रिटनचा. मरणानंतर मात्र ते एका वेगळ्याच नौदलाचे झाले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की समुद्रात मेलेल्याचे स्मारक कुठे करायचे हा प्रश्न मुळातच अवघड आहे, आणि भारतीय नावांच्या नोंदीत घोळ असत. एकाच जहाजावर एकाच नावाची चार माणसे, स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. घोळ होते, हे मान्य. पण टॉवर हिलवरच्या छत्तीस हजारांपैकी कोणालाच थडगे नाही, ते स्मारक त्यांच्यासाठीच आहे. आणि नावांचा घोळ पैशाच्या वेळी आड येत नव्हता. आगाऊ दिलेली उचल त्याच माणसाच्या पगारातून वळती होत होती, गावाकडे पाठवायचा हिस्सा त्याच घरी पोचत होता. ज्या कारकुनीला अंगठ्यावरून कर्जदार ओळखता येत होता, तिला मृत ओळखता येत नव्हता हे पटत नाही. शिवाय सन्मानपुस्तकात नावे आहेतच, बापाच्या नावासकट आहेत. तेव्हा अडचण ओळखण्याची नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा की हा भेद वंशाचा नसून कराराचा होता. ब्रिटिश करारावर गेलेला ब्रिटिश वहीत, भारतीय करारावर गेलेला भारतीय वहीत, यात दुष्टावा काय? आणि मुंबईच्या खलाशाचे नाव मुंबईत असणे हे लंडनमध्ये असण्यापेक्षा बरे नाही का? यातला दुसरा भाग मला अर्धा मान्य आहे. मस्जिद बंदरची जागा वाईट निवडलेली नव्हती. खलाशांच्या वसतिगृहातच खलाशांची आठवण, ही कल्पना एखाद्या चौकातल्या खांबापेक्षा समजूतदार म्हणावी लागेल. कलकत्त्याने पहिल्या महायुद्धानंतर निराळी वाट धरली. तिथे हुगळीच्या काठी १९२४ मध्ये लास्कर स्मारक उभे राहिले, बंगाल-आसामच्या ८९६ खलाशांसाठी. दुरून दिसणारे, देखणे, पण वर एकही नाव नाही. त्या मानाने मुंबई-चितगावची पुस्तके कितीतरी बरी. पण करार म्हणजे काही आभाळातून पडलेली वस्तू नव्हे. ‘एशियाटिक आर्टिकल्स’ या नावातच कोणाला कुठे बसवायचे ते लिहिलेले आहे. ३६ घनफूट ज्याने ठरवले त्यानेच पुढे पुस्तक वेगळे ठेवले, आणि दोन्हींमागचा हिशेब एकच. १९१८ मध्ये युद्धसमाधी आयोगाने हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्वांना सारखी वागणूक हे तत्त्व स्वीकारले होते. त्याच आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात कबूल केले की पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशियाई आणि आफ्रिकी माणसांच्या बाबतीत हे तत्त्व पाळले गेले नाही, आणि त्यामागे वंशभेद होता. कराराचे कारण पुरेसे असते तर ही कबुली द्यायची वेळ आली नसती.

वेगळ्या वहीचा परिणाम कसा होतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘सिटी ऑफ बनारस’. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री हे जहाज अटलांटिकात बुडाले. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली नव्वद ब्रिटिश मुले त्यावर होती, त्यातली ७७ गेली. यावर पुस्तके झाली, चर्चा झाल्या, आणि ते योग्यच. त्याच रात्री साधारण शंभर भारतीय खलाशीही गेले. मुलांपेक्षा जास्त. ब्रिटिश हकीकतींत त्यांचा उल्लेख येतो तो बऱ्याचदा तक्रारीच्या सुरात: होडीत नुसते बसून राहिले, हात-पाय गाळून बसले. सप्टेंबरच्या वादळी उत्तर अटलांटिकात, सुती कपड्यात, कमरेपर्यंत पाण्याने भरलेल्या होडीत माणूस आधी हातपाय हलवेनासा होतो आणि मग मरतो. गारठ्याने मरण्याची रीतच ती. त्याला भित्रेपणा म्हणायला ते कपडे कोणी दिले, हा प्रश्न आधी बाजूला सारावा लागतो. बारा क्रमांकाची होडी आठ दिवसांनी सापडली, तिच्यातही बहुसंख्य भारतीय खलाशीच होते. पण ती आठवली जाते तिच्यातल्या सहा मुलांमुळे आणि त्यांना गोष्टी सांगत जगवणाऱ्या मेरी कॉर्निश या बाईंमुळे. बाईंचे श्रेय कमी करायचे नाही. होडीत आणखी कोण होते, एवढेच विचारायचे आहे.

इथवर सगळा दोष साहेबाच्या पदरात घालणे सोपे होते, आणि मराठी वाचकाला ते आवडेलही. पण तिसरा आक्षेप आपल्याच अंगणातला आहे: ही माणसे परक्यांच्या युद्धात पोटासाठी मेली, त्यात देशाचे काय? १९४२ साली इकडे ‘चले जाव’ चालले होते आणि ते साहेबाची चांदी वाहत होते, मग त्यांची आठवण आपण का ठेवायची? या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. आठवण म्हणजे गौरव, आणि गौरव फक्त हुतात्म्यांचा, असे ते गृहीत. मी त्यांना हुतात्मे म्हणत नाही. पोटासाठी धोका पत्करून, धोक्याचे दाम मागून, मिळेल तेवढे घेऊन गेलेली ही कामगार माणसे. गिरणीतला कामगार साहेबाच्या लष्कराला कापड विणत होता म्हणून कोणी त्याला इतिहासातून वगळले नाही, कारण तो परळला राहत होता आणि त्याचा संप आपल्या खिडकीखालून जात होता. खलाशाचा संप केपटाउनला झाला.

आणि समुद्र आपल्या आठवणीत नाही असेही नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट गटारी अमावास्येच्या दिवशी बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि आजही कोकणात नि मुंबईत वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ती बोट येते. १९२७ च्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ याही विस्मरणात गेल्या नाहीत. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताहाच्या रूपाने पाळतो. राष्ट्रीय सागरी दिन ५ एप्रिलला असतो, कारण १९१९ मध्ये त्या दिवशी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. म्हणजे आपल्या लोकांचे डोळ्यांसमोर झालेले मरण आपण विसरलो नाही, आणि भांडवलदाराने साहेबाला दिलेले आव्हानही विसरलो नाही. निसटला तो मधला माणूस, दूरच्या समुद्रात, दुसऱ्याच्या जहाजावर मेलेला. तो बहुधा खाडीपट्ट्यातला मुसलमान होता, किंवा गोव्याचा ख्रिस्ती, आणि गोवा तेव्हा तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात असल्यामुळे कागदोपत्री तर युद्धाशी संबंधच नसलेला. मराठी इतिहासलेखनाने ज्या घरांकडे पाहिले त्यांत ही घरे क्वचितच होती. हे कटू वाटेल, पण साहेबाने वही वेगळी ठेवली एवढ्याने काम भागले नसते. ती वही आपल्या शहरात, मस्जिद बंदर स्टेशनच्या आसपास, इतकी वर्षे पडून आहे. ती उघडून पाहायला कोणी बंदी घातली नव्हती.

नोंदीचा प्रश्न भावनेचाच आहे, असे समजणाऱ्यांनी त्या काळचा कायदाही पाहावा. बोट बुडाल्याची बातमी युद्धात लगेच जाहीर होत नसे. मनिऑर्डर थांबली की गावात कळायचे, आणि थांबलेली मनिऑर्डर म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. पुरावा कायद्याने सात वर्षे खबर नसलेल्या माणसाला मृत धरता येई. युद्ध सुरू झाले त्याच १९३९ साली आलेल्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टाकडे जाण्याची वाट दिली. या दोन्ही वाटांवर बाईला आधी हे सिद्ध करावे लागे की खबर नाही. कंपनीने आणि शिपिंग ऑफिसने मृत्यू वेळेत नोंदवून कळवला तर ती विधवा होती, तिला जमिनीच्या वाटणीत, दुसऱ्या लग्नात, पेन्शनच्या अर्जात उभे राहता येई. न कळवला तर ती अधांतरी. भारतीय खलाशांसाठीची युद्ध-पेन्शन योजना १९४१ मध्ये आली. तीही अर्थात वेगळी.

फाळणीने या वहीच्या दोन प्रती दोन देशांत टाकल्या, आणि १९७१ नंतर चितगावची प्रत तिसऱ्याच देशाची झाली. प्रती सारख्याच असल्यामुळे दाभोळचा खलाशी चितगावलाही लिहिलेला आहे आणि सिल्हेटचा आगवाला मस्जिद बंदरलाही. नावे आता युद्धसमाधी आयोगाच्या संगणकीय सूचीतही आहेत, जहाजावरून शोधता येतात. ती गावांवरून लावण्याचे काम मात्र लंडनला बसून कोणाकडून होणार नाही. स्पेलिंग बघून हे बाणकोट, हे दाभोळ, हे राजापूर एवढे ओळखायला खाडीपट्ट्याचा माणूस लागेल, जुने दाखले आणि मशिदींच्या, चर्चच्या वह्या चाळायला लागतील, आणि कुडांच्या पेट्यांत काही उरले असेल तर तेही. हे काम एखाद्या जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला दोन-तीन वर्षांत होण्याजोगे आहे. खर्च म्हणाल तर चांदी उपसायला लागला त्याचा अंशही लागणार नाही.